साडेसहा नंबरच्या अलीकडचं घर

१८१२ साली भोपाळला मराठ्यांचा वेढा पडला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची आणि नागपूरच्या भोसल्यांची फौज एकत्र येऊन शहराच्या तटाबाहेर बसली. आत वजीर मोहम्मद खान होता. अन्नाचा दुष्काळ पडला, तटाला खिंडारं पडली, पण शहर काही पडलं नाही. पुढच्या वर्षी फौजा आल्या वाटेने परत गेल्या.

त्यानंतर एकशे त्रेचाळीस वर्षांनी ग्वाल्हेर आणि नागपूरची माणसं पुन्हा भोपाळवर चालून आली. या खेपेला त्यांच्याकडे तोफा नव्हत्या. पत्र्याच्या ट्रंका होत्या, वळकट्या होत्या, पाटा-वरवंटा आणि देवघर होतं, आणि कोटाच्या आतल्या खिशात बदलीचा सरकारी कागद. शहर या वेळी सहज शरण आलं. अडचण एकच होती. या माणसांना ठेवायचं कुठे?

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरची राजधानी गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. उरलेला जुना मध्य प्रदेश, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि चिमुकलं भोपाळ राज्य यांची मोट बांधून नवा मध्य प्रदेश झाला. राजधानीसाठी जबलपूर आशेवर होतं, त्याला उच्च न्यायालय मिळालं. मध्य भारताचा कारभार हिवाळ्यात ग्वाल्हेरहून आणि उन्हाळ्यात इंदूरहून चाले, ती दोन्ही शहरं मागे पडली. माळ भोपाळच्या गळ्यात पडली. १९५१ च्या जनगणनेत या गावाची वस्ती लाखाच्या आसपास होती. पुढच्या दहा वर्षांत ती दुपटीच्या वर, सव्वादोन लाखांपर्यंत गेली. नवाबाच्या मिंटो हॉलमध्ये विधानसभा भरू लागली, वाड्या-महालांतून कचेऱ्या थाटल्या गेल्या. पण कारकुनाला महालात बिऱ्हाड करता येत नाही.

म्हणून तलावाच्या दक्षिणेला, जुन्या शहरापासून बेताच्या अंतरावर, टेकड्या आणि शेतं मोजून नवं भोपाळ आखलं गेलं. त्याच्या पहिल्या मोठ्या वस्तीला नाव मिळालं तात्या टोपे नगर. येवल्याला जन्मलेला, १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत फासावर चढलेला हा सेनानी आता भोपाळमध्ये रोज लाखभर तोंडांतून उच्चारला जातो, पण ‘टी. टी. नगर’ असा. नव्याने आलेल्या पाहुण्याला रेल्वेच्या टी. टी.ची आठवण झाली तर त्याचा काय दोष! पुढे शेजारी तुलसी नगर आणि शिवाजी नगर झालं. शिवाजी नगराचं नाव मात्र कुणी कापलं नाही.

आपल्याकडे उपनगर म्हटलं की आधी गाव वाढतं, मग शेतं विकली जातात, मग चार बंगले उठतात आणि रस्ता सगळ्यांत शेवटी येतो. इथे उलट झालं. आधी रस्ते, मग नळ, मग घरं, आणि माणसं सगळ्यांत शेवटी, अर्ज करून. १९६० मध्ये राजधानी परियोजना प्रशासन हे खास खातं निघालं. ‘सीपीए’ हे त्याचं बोलीतलं नाव. रस्ते, इमारती, बागा, झाडं हे सगळं त्याच्याकडे. बासष्ट वर्षं चालून २०२२ मध्ये ते बंद झालं. कागदावर आधी शहर काढायचं आणि मग त्यात माणसं भरायची ही त्या काळाची रीतच होती. चंदीगड, भुवनेश्वर आणि पुढे गांधीनगर याच रीतीने झाली. चंदीगडमध्ये तर सरकारी घरांचे तेरा प्रकार ठरवले होते.

भोपाळने हे प्रकार इंग्रजी अक्षरांत मांडले. बी टाइप, सी टाइप, डी टाइप असं करत थेट आय टाइपपर्यंत. अक्षर जितकं पुढचं तितकं घर लहान, हे पोराबाळांनाही ठाऊक. लग्न जुळवताना ‘मुलगा काय करतो’ याच्या जोडीला ‘वडील कुठल्या टाइपात राहतात’ एवढं कळलं की पगार विचारायची गरज उरत नसे. जी टाइपातून एफ टाइपात जाणं म्हणजे बढती मिळाल्याची गल्लीभर द्वाही. हातगाडीवर गाद्या, त्यावर गोदरेजचं कपाट, मागे सायकलवर तुळशीची कुंडी सांभाळत मोठा मुलगा, आणि अंतर म्हणाल तर सहाशे पावलांचं.

वस्त्यांची नावंही हिशेबाच्या वहीतून उचलल्यासारखी. साडेबाराशे घरं बांधली, त्या भागाचं नाव ‘बारह सौ पचास’. तिथलं जयप्रकाश रुग्णालय जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘बारह सौ पचास’च आहे. अरेरा कॉलनीच्या अंगाला ‘ग्यारह सौ क्वार्टर’. मंत्री आणि अधिकाऱ्यांची वस्ती ‘चौहत्तर बंगले’, आणखी एक ‘पैंतालीस बंगले’. बसचे थांबे तर निव्वळ आकडे झाले: पाच नंबर, सहा नंबर, सात नंबर. मधे एक थांबा वाढवावा लागला तेव्हा त्याला नवं नाव शोधण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत, तो साडेसहा नंबर झाला. बसचे मार्ग बदलले, थांबे हलले, आकडे मात्र राहिले. आज मराठी घरातली सूनही रिक्षावाल्याला सहज सांगते, “भैया, साडेछे नंबर के पहले रोक देना,” आणि फोनवर आईला मराठीत सांगते, “साडेसहाच्या अलीकडे राहतो आम्ही.” या सगळ्या आकडेमोडीत साहेबांच्या एका वस्तीला तेवढं झाडाचं नाव मिळालं आहे: चार इमली, म्हणजे चार चिंचा.

आता अशा एका सरकारी घरात शिरू या. शिवाजी नगरातलं कुठलंही जुनं एफ किंवा जी टाइप चालेल, फारसा फरक नाही. भिंतीवर काळ्या रंगाने आधी इमारतीचा आकडा, मग तिरकी रेघ, मग घराचा आकडा. लोखंडी फाटक, त्याची कडी वाजली की आतलं कुत्रं किंवा आजी, दोघांपैकी एक जागं होतं. समोर चार पावलांचा व्हरांडा, त्याला पुढच्या काळात लावलेली जाळी. मग बैठक, मागे एक खोली, कडेला स्वयंपाकघर. छत उंच, भिंती जाड, कारण एप्रिल-मेमध्ये भोपाळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. खिडकीत पत्र्याचा कूलर, त्याच्या वाळ्याचा ओला वास. संध्याकाळी त्यात बादल्यांनी पाणी ओतणं ही घरातल्या मधल्या मुलाची नेमणूक. आत येऊन जरा बसलं की लक्षात येतं, या घराचा खरा भाग आत नाहीच. तो मागे आहे.

मागे अंगण. सरकारने दिलं ते मोकळंच, बाकीचं राहणाऱ्याने केलेलं. एका कोपऱ्यात पत्रा टाकून उभी केलेली खोली, कारण मुलगा बारावीला गेला आणि आतल्या दोन खोल्यांत रेडिओ व अभ्यास एकत्र नांदेना. तिच्या पत्र्यावर चढलेला दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल. पेरू एक तरी हवाच. सीताफळाला तर लावायचीही गरज नाही, बी टाकलं की येतं. कढीपत्ता, अळू, गवती चहा. धुणं वाळत घालायच्या तारेखाली मे महिन्यात साडी पसरून कुरडया आणि सांडगे. रात्री याच अंगणात खाटा. ही खोली बेकायदा, हा वेल आणि पेरू सरकारी जमिनीवर, आणि मालकी कशावरच नाही. तरी निवृत्तीच्या दिवशी पोटात कालवतं ते या अंगणासाठी. घर दुरुस्त करायचं काम पीडब्ल्यूडीचं. झाड वाढवायचं मात्र आपलं, अशी वाटणी आपोआपच झाली होती. आपल्या नावावर नसलेल्या जमिनीत माणसं आंब्याचं रोप लावतात, ज्याला फळ धरायला पाच-सात वर्षं लागणार, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे.

या रांगांमध्ये मराठीचं काय झालं, हा एक गमतीचा विषय. भोपाळ ही नवाबी रियासत, तिथे आधीपासून रुजलेली मराठी वस्ती तुरळक. जे आले ते तीन दिशांनी. नागपूरहून आलेल्यांची ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिलो’वाली मराठी, ग्वाल्हेरवाल्यांची शिंदेशाही अदबीची, जरा जुन्या वळणाची, आणि इंदूर, देवास, धारकडच्यांची माळव्याच्या गोडव्याने मऊ झालेली. महाराष्ट्रात या तिघी भेटल्याच नसत्या. इथे त्यांच्यामध्ये फक्त एक सामाईक भिंत होती. वरून हिंदीची पाखर पडली. त्यातून निघालेल्या भोपाळी मराठीत ‘सब्जी’ आणली जाते, ‘मकान’ अलॉट होतं, आणि पाहुण्याला ‘नाश्ता’ म्हणून पोह्यांवर शेव घालून शेजारी जिलबी ठेवतात. पुणेकर पाहुणा पोह्यांकडे आणि जिलबीकडे आळीपाळीने बघत राहतो. दुसऱ्या दिवशी तोच जिलबी मागतो. राज्य सरकारच्या संस्कृती परिषदेत आज मराठी साहित्य अकादमी आहे. पण मराठी टिकवण्याचं मोठं काम या अकादमीच्याही आधी त्या सामाईक भिंतीने केलं, असं म्हटलं तर चुकणार नाही.

शहराच्या पूर्वेला याच काळात दुसरं एक उपनगर उठत होतं, त्याचा मालक कारखाना. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या सहकार्याने हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना इथे उभा राहिला. ६ नोव्हेंबर १९६० ला पंडित नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. पुढे तो ‘भेल’मध्ये सामील झाला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या त्याच्या वस्त्या, स्वतःच्या शाळा, बाजार, मैदानं आणि कस्तुरबा रुग्णालयासह. तिथे भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा सुटे. कामगारांची संख्या पुढे घटत गेली, कितीतरी क्वार्टर रिकामी पडली आणि रिकाम्या क्वार्टरांभोवती झाडं बिनबोभाट वाढली. भोपाळातला एक दाट हिरवा पट्टा आज याच वसाहतीत आहे.

सरकारी घर सुटतं, म्हणून स्वतःचं हवं. ही ओढ अरेरा कॉलनीने पुरी केली. ई-१, ई-२ असे सेक्टर, सरळ रस्ते, प्लॉट मोठे, घराच्या चारही बाजूंना सोडलेली जागा. ज्यांनी वेळेवर पैसे भरले ते सुखी झाले. ज्यांना तेव्हा ते ‘फार लांब, कोल्हे ओरडतात’ असं वाटलं, ते अजून हळहळतात. दहा नंबरचा बाजार, बिट्टन मार्केटचा आठवडी हाट, यांच्या आसपास मध्यमवर्गाचं सगळं आयुष्य मांडून झालं.

अशा घराचं स्वप्न एका देशाने तर राष्ट्रीय छंदासारखं जोपासलं. ऑस्ट्रेलियात त्याला पाव एकराचं स्वप्न म्हणतात: पाव एकर म्हणजे साधारण हजार चौरस मीटर, त्यावर एकमजली घर, पुढे हिरवळ, मागे मोठं अंगण, लिंबाचं झाड आणि मधोमध छत्रीसारखी फिरणारी कपडे वाळवायची तार. ही तार १९४५ पासून अ‍ॅडलेडच्या लान्स हिल यांनी विकायला काढली आणि ती तिथल्या मागच्या अंगणाची खूणच होऊन बसली. आता तिथलं स्वप्नही आक्रसलं आहे. नव्या वस्त्यांत प्लॉट चारशे चौरस मीटरच्या आसपास येतात, पण घरं मात्र जगातल्या सर्वांत मोठ्या घरांत मोडतात, सरासरी सव्वादोनशे चौरस मीटरच्या वर. मग कात्री लागते ती अंगणाला. सिडनी-मेलबर्नला स्थायिक झालेल्या मुलाकडे सहा महिने राहून आलेले भोपाळचे आजी-आजोबा तिथल्या जुन्या उपनगरांचं वर्णन करताना शिवाजी नगराचीच उपमा देतात: लांबलचक शांत रस्ता, दुपारी चिटपाखरू नाही, फाटकाशी पत्रपेटी. ही उपमा वाटते तितकी ओढूनताणून आणलेली नाही. उद्यान-नगराची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची इंग्रजी कल्पना दोन्हीकडे पोचली होती. एकीकडे ती विकत मिळाली, दुसरीकडे पगारासोबत.

नव्या भोपाळच्या या अंतराचा एक अर्थ १९८४ मध्ये कळला. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री शहराच्या उत्तरेच्या दुसऱ्या एका कारखान्यातून विषारी वायू सुटला. छोला, जयप्रकाश नगर, काझी कॅम्प या कारखान्याला खेटून असलेल्या गरीब वस्त्या आणि जुनं शहर त्यात सापडलं. छप्पन्न वॉर्डांपैकी छत्तीस वॉर्ड पुढे वायुग्रस्त ठरवले गेले. तलाव आणि टेकड्यांपलीकडची दक्षिणेची बहुतेक आखीव वस्ती वाचली. जीव मुठीत धरून पळालेले कितीतरी जण त्या रात्री न्यू मार्केट आणि टी. टी. नगरच्या दिशेनेच आले. उंच छत, मोकळं अंगण, कारखान्यापासूनचं अंतर या गोष्टी सोयीच्या म्हणून मोजल्या जातात. त्या कुणाच्या वाट्याला येतात आणि कुणाच्या येत नाहीत, हे भोपाळच्या नकाशावर त्या रात्री फार क्रूरपणे उमटलं.

आता हीच मोकळी जागा सगळ्यांच्या डोळ्यांत भरते आहे. शहराच्या मध्यावर, एकमजली-दुमजली जुनी घरं, मधे भरपूर झाडं आणि मालक एकटं सरकार. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत भोपाळ आलं आणि त्यासाठी शिवाजी नगर-तुलसी नगर पाडून नव्याने बांधायचं ठरलं. रहिवासी आणि शहरातले वृक्षप्रेमी रस्त्यावर उतरले. योजना तिथून उचलून उत्तर व दक्षिण टी. टी. नगरात नेली गेली, सुमारे ३४२ एकरांवर. तिथली क्वार्टरं पडली. ज्या रांगांत नागपूरच्या पहिल्या ट्रंका उतरल्या होत्या तिथे आज रुंद बुलेवार्ड रस्ता आहे, उंच इमारतींचे सांगाडे आहेत आणि विकायला काढलेले प्लॉट.

शिवाजी नगराची पाळी पुन्हा आली २०२४ मध्ये. मंत्री आणि आमदारांसाठी नवे बंगले आणि सदनिका बांधायचा प्रस्ताव निघाला आणि त्यात सुमारे एकोणतीस हजार झाडं जाणार, ही बातमी फुटली. जूनचा पहिला पंधरवडा, पाऊस अजून यायचा होता. बायका घराबाहेर आल्या आणि झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या. त्याच महिन्यात सरकारने प्रस्ताव मागे घेतला आणि दुसरी जागा पाहू म्हणून सांगितलं. हिशेब लावला तर यातली पुष्कळशी झाडं सीपीएने लावलेली, आणि पुष्कळशी त्या मागच्या अंगणांतली, बदलीवर आलेल्या कुणीतरी पाण्याच्या उरलेल्या बादलीवर जगवलेली.

शहराचा विस्तार अर्थात थांबलेला नाही. २०११ च्या जनगणनेत भोपाळ अठरा लाखांच्या आसपास गेलं होतं. लागू असलेला विकास आराखडा १९९५ चा, २००५ साल डोळ्यांपुढे ठेवून केलेला. नंतरचे मसुदे आले आणि आक्षेपांच्या ढिगाखाली गेले. आराखडा थांबला म्हणून बिल्डर थांबत नाही. कोलार रोड २०१४ मध्ये महापालिकेत आला, पलीकडे बावडिया कलां, कटारा हिल्स. इथली भाषा टाइपांची नाही, ‘सिंगलेक्स’ आणि ‘डुप्लेक्स’ची. सिंगलेक्स म्हणजे एकमजली घर. हा शब्द कुठल्याही कोशात न शोधता भोपाळच्या जाहिरातीत शोधावा. प्लॉट वीस बाय पन्नास, म्हणजे हजार चौरस फूट. ऑस्ट्रेलियाच्या पाव एकरात असे दहा बसतील. टेकड्यांवरच्या वालुकाश्मात पाया घालणं सोपं, पण कोलारकडे बरीच जमीन काळी, कापसाची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि आपल्यासोबत भिंतीलाही भेगा पाडते. म्हणून जाणता मिस्त्री आधी काळी माती उपसून मुरूम भरायला लावतो. घाई असलेला मालक तो खर्च वाचवतो आणि तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी रेघ निघते. क्वार्टरच्या भिंतीवरची तिरकी रेघ निदान रंगाची होती.

एफ टाइपातून निवृत्त झालेलं कुटुंब अशा डुप्लेक्समध्ये जातं तेव्हा टेंपोत सगळ्यांत शेवटी चढतात त्या कुंड्या. पेरू आणि आंबा तिथेच राहतात, पण मधुमालतीची फांदी, कढीपत्त्याचं रोप, अळूचे कांदे आणि तुळस बरोबर येतात. नव्या घराच्या फाटकापासून दारापर्यंत दहा फूट फरशी. आजी म्हणते, दोन फरश्या उचला, मधुमालती फाटकावर चढवू. मुलगा टेपने मोजून दाखवतो: गाडी साडेबारा फुटांची आहे, अशीच तिरकी लावावी लागतेय. वाद फार वेळ चालत नाही. मधुमालतीची कुंडी दोघं मिळून जिन्याने वर नेतात आणि गच्चीत पाण्याच्या काळ्या टाकीच्या सावलीला ठेवतात. टाकीच्या पाइपला सुतळी बांधून वेलाला पहिलं वळण दिलं जातं.